पाखरांना हप्ता नसतो, मग त्यांच्याकडे बघून काय शिकायचं?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. यजमानांची एमआयडीसीतली नोकरी गेली. घराच्या कर्जाचे दोन हप्ते थकले. जून तोंडावर आला आहे आणि मुलांच्या फीचं, गणवेशाचं काही जमलेलं नाही. रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच, मग डोळ्याला डोळा लागत नाही. मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, एका बहिणीने सांगितलं, चिंता करणं म्हणजे अविश्वास, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाच. त्यात प्रभू येशू म्हणतो, चिंता करू नका, पाखरांकडे पाहा. तुम्ही वाचलात आणि मला विचारलंत, 'पाखरांना कर्जाचा हप्ता नसतो. त्यांच्याकडे बघून मी नेमकं काय शिकायचं?' शेवटी असं विचारल्याबद्दल माफीही मागितलीत.

माफी कशाला? वचन मनापासून वाचणाऱ्यालाच असा प्रश्न पडतो. पाळक म्हणून इतकी वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत काढली. कांद्याचे भाव पडलेल्या घरात, दवाखान्याच्या बाकावर, लग्न मोडलेल्या मांडवात याच वचनावर लोकांशी बोलत आलो. वरवर वाचलं तर हे वचन दुखावतं, हे मला माहीत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते अपराधीपण बाजूला काढू. तुमच्यावर आता दोन ओझी आहेत, एक हप्त्याचं आणि दुसरं 'मी चिंता करते म्हणजे माझा विश्वास खोटा' या विचाराचं. हे दुसरं ओझं प्रभूने तुमच्यावर ठेवलेलं नाही. गेथशेमाने बागेत तो स्वतः शिष्यांना म्हणाला की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, आणि तीच प्रार्थना त्याने तीनदा केली. या अध्यायात तो 'अल्पविश्वासी' असं म्हणतो हे खरं आहे. पण वादळात नावेत घाबरलेल्या शिष्यांनाही तो तेच म्हणाला, आणि लगेच उठून वारा शांत केला. कोणाला नावेतून खाली उतरवलं नाही. थोडका विश्वास असलेली माणसं त्याचीच माणसं होती. त्यांच्याशीच तो पाखरांबद्दल बोलत होता.

आणि ती माणसं कोण होती तेही बघा. गालीलातले कोळी, कुळानं शेती करणारे, रोजंदारीवर जाणारे. वर हेरोद अंतिपाची सत्ता, त्याच्याही वर रोम, आणि दोघांचे कर. दिवसभर राबलं तर संध्याकाळी एक दीनार. ती मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी असं मोशेच्या नियमशास्त्रात सांगितलेलं आहे, कारण तिच्यावर त्या घरची त्याच दिवसाची चूल अवलंबून असायची. काम मिळेल या आशेने दिवस कलेपर्यंत बाजारात उभे राहिलेले मजूर प्रभूच्या एका दाखल्यात आहेत. कर्ज फेडता आलं नाही म्हणून बायकापोरांसकट विकला जायची पाळी आलेला माणूस दुसऱ्या एका दाखल्यात आहे. हप्ता काय असतो हे डोंगरावर प्रभूचं हे बोलणं ऐकत बसलेल्यांना तुमच्याइतकंच ठाऊक होतं. पोट भरलेल्या माणसाने पोट भरलेल्यांना दिलेला तो सल्ला नव्हता. हे ध्यानात धरलं की वचन निराळंच ऐकू येतं.

आता पाखरं. वचनात आहे, 'आकाशातील पाखरांकडे निरखून पाहा. ती पेरणी करत नाहीत, कापणी करत नाहीत, की कोठारांत साठवत नाहीत. तरी तुमचा स्वर्गीय पिता त्यांना खायला देतो.' आपण घाईघाईने 'खायला देतो' पर्यंत पोचतो आणि निरखून पाहायचं राहून जातं. तर खरंच पाहू.

पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबकळतात. नाव सुगरण असलं तरी विणणारा नर असतो. उसाच्या नाहीतर गवताच्या पात्याच्या कडेला तो चोचीने बारीक खाच पाडतो, टोक धरून उडतो आणि लांब धांदोटी सोलून नेतो. अशा शेकडो फेऱ्या. फांदीला गाठ मारायची, आधी कडं करायचं, मग छत. घरटं अर्धवट, टोपीएवढं झालं की त्याला लटकून पंख फडफडवत ओरडायचं. मादी येते, आत शिरते, चोचीने ओढून बघते. पसंत पडलं तर पुढची नळी विणायची. नाही पडलं तर ते घरटं तसंच सोडून दुसरं सुरू करायचं. बाभळीवर ती अर्धी राहिलेली घरटी दिसतात ना, ती नाकारलेली असतात.

देव पाखरांना खायला देतो याचा अर्थ पाखरू फांदीवर बसून राहतं असा मुळीच नाही. ते पहाटेपासून राबतं. देव घरटं आणून देत नाही. पातं देतो, चोच देतो, आणि कोणी न शिकवता गाठ मारायची अक्कल देतो. तुमच्या यजमानांनी चार ठिकाणी अर्ज टाकले आणि चारही ठिकाणी नकार आला, असं तुम्ही लिहिलंत. पाचवा अर्ज टाकणं हे विश्वासाच्या विरुद्ध नाही. 'देवावर सोडलंय' म्हणून घरात बसून राहणाऱ्याला मी तरी विश्वासू म्हणणार नाही. यजमानांना बोल लावायला हे लिहीत नाही. ते धडपडत आहेत, आणि त्यांची धडपड देवाच्या पुरवठ्यातच मोडते, एवढं तुम्हा दोघांना कळावं म्हणून लिहिलं.

दुसरी गोष्ट मला या वचनाने फार वर्षांपूर्वी शिकवली, आणि मला वाटतं, ती तुमच्या जास्त कामाची आहे. माझं लहानपण ज्वारीच्या रानात गेलं. शाळू हुरड्यात आला, दाणे भरायला लागले की भोरड्यांचे थवे उतरायचे. एक थवा बसला की अर्ध्या तासात पट्टाच्या पट्टा रिकामा. मग आम्ही पोरं माळ्यावर चढायचो, हातात गोफण, शेजारी खड्यांचा ढीग, नाहीतर पत्र्याचा डबा बडवत 'हो... हो...' करत हाकारे द्यायचे. उपासनेत मात्र ऐकायचं, पाखरं पेरत नाहीत तरी देव त्यांना खायला देतो. लहानपणी मनात यायचं, देव कुठे देतोय? आमच्याच रानातलं खातात की!

मोठेपणी कळलं की नेमकं तेच तर वचन सांगतं. पाखरं पेरत नाहीत, पण कोणीतरी पेरलेलं असतं. देवाचा पुरवठा बहुतेक वेळा असा कोणाच्या तरी रानातून, कोणाच्या तरी हातून येतो. म्हणूनच नियमशास्त्रात शेतकऱ्याला सांगितलेलं आहे की शेताचा कानाकोपरा झाडून कापू नकोस, पडलेली कणसं गोळा करू नकोस, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. रूथ नावाची परदेशी विधवा अशीच सरवा वेचत बवाजाच्या शेतात पोचली. आपल्याकडेही सुगी झाली की काही घरांत कणसांची जुडी ओसरीला टांगायची रीत आहे, चिमण्यांसाठी. दिवसभर गोफण फिरवणारा शेतकरीच ती टांगतो.

तेव्हा ताई, स्पष्टच विचारतो. तुमची अडचण मंडळीत कोणाकोणाला माहीत आहे? तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, त्या एका बहिणीशिवाय कोणालाच नाही, आणि तिच्याही कानावर सगळं घातलेलं नाही. 'लोक काय म्हणतील' म्हणून दार लावून आत प्रार्थना करत राहायचं आणि पुरवठा मात्र आभाळातून यावा अशी वाट पाहायची, हे पाखरांच्या वचनात बसत नाही. प्रभूने शिकवलेली प्रार्थना याच अध्यायात आहे आणि तिच्यात 'आमची रोजची भाकर' असं मागितलेलं आहे. सगळ्यांची भाकर सगळ्यांनी मिळून मागायची आहे. तुमच्या अडचणीची दोन विश्वासू माणसांना खबर देणं म्हणजे देवाला हात वापरायला जागा देणं. सगळ्या गावाला सांगू नका. पण दोघांना सांगा.

आता कठीण भाग. तो गाळून कोणी तुम्हाला पाखरांचं वचन शिकवत असेल तर ऐकू नका. पाखरं मरतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती तुम्हाला आठवत असेल. गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं आडवी झाली आणि झाडांखाली पाखरांचा खच पडला. मग स्वर्गीय पित्याने खायला दिलेल्या पाखरांचं काय झालं? प्रभूला हे माहीत नव्हतं का? होतं. चारच अध्याय पुढे तो म्हणतो की दोन चिमण्या दमडीला विकतात, तरी तुमच्या पित्यावाचून त्यातली एकही भूमीवर पडत नाही. लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच असा हिशेब आहे. चार घेतल्या की पाचवी वर फुकट. त्या बिनकिमतीच्या पाचवीचाही देवाला विसर पडत नाही, असं तो सांगतो. चिमणी पडणारच नाही असं तो म्हणाला नाही. पडते तेव्हाही ती पित्याच्या नजरेआड नसते, असं म्हणाला.

म्हणून मी तुम्हाला असं वचन देऊ शकत नाही की घर राहील, नोकरी अमुक महिन्यात लागेल. तसं वचन देणाऱ्यांपासून सांभाळा. 'एवढं दान पेरा, कर्ज फिटेल' असं सांगणारे आजकाल फोनवर रोज दिसतात. प्रेषित पौलाने स्वतः लिहिलं आहे की त्याने भूक काढली, तहान काढली, थंडी-उघडेपणा सोसला. त्याचा विश्वास कमी होता म्हणून का? देवावर भरवसा ठेवणं म्हणजे आपल्याला हवं तसंच घडेल अशी खात्री बाळगणं नव्हे. काहीही घडलं तरी मी कोणाच्या तरी हिशेबात आहे, विसरली गेलेली नाही, या खात्रीवर उभं राहणं म्हणजे भरवसा. या खात्रीने रात्री कूस बदलून झोप लागते, हे मी फार अडचणीतल्या घरांत पाहिलं आहे. हप्ता भरलेला नसतानाही लागते.

मग चिंता आणि जागरूकता यांत फरक कसा करायचा? हे मला टिटवीकडून फार नीट समजलं. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, नांगरलेल्या रानात, खड्यांमध्ये जराशी खोलगट जागा करून तिथे अंडी घालते, बहुधा चार. अंडी मातीच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. कुत्रं किंवा माणूस जवळ आला की ती जिवाच्या आकांताने ओरडते, अंगावर झेप घेते, कधी पंख मोडल्यासारखा ओढत त्याला दुसरीकडे नेते. भिते ती, चांगलीच भिते. पण कुत्रं निघून गेलं की परत येते आणि अंड्यांवर बसते. मे महिन्याच्या उन्हात पाण्याकडे जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. ऊन वाढलं की पुन्हा जाते.

भीती वाटणं हे देवाने दिलेलं आहे. समोर कुत्रं असताना ओरडायलाच हवं. बँकेचं पत्र आलं आणि छातीत धस्स झालं, हे पाप नाही. ती भीती तुम्हाला बँकेत घेऊन जाण्यापुरती आहे. रात्री अडीच वाजता समोर कुत्रं नसतं. बँक बंद असते, कारखान्याचं ऑफिस बंद असतं, शाळा बंद असते. तरी आपण ओरडत राहतो, आणि सकाळी पाण्यापर्यंत जायचं बळ उरत नाही. प्रभूने 'उद्याची चिंता करू नका' म्हटलं ते याच अर्थाने मला समजतं. 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे' असं म्हणताना दिवसाला दुःख असतं हे त्याने मान्य केलंच आहे. फक्त आजच्या दिवसाचं माप आजच्यापुरतं ठेवलं आहे.

अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं रोजचं अन्न, मिळाला तेव्हाही असंच माप होतं, माणशी एक ओमर (त्या काळचं धान्याचं माप). उद्यासाठी म्हणून ज्यांनी ठेवला त्याच्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची आज्ञा होती आणि तो नासला नाही. यावरून साठवणच वाईट असं काही जण काढतात, ते मला पटत नाही. आळशाला मुंगीकडे जा, ती उन्हाळ्यात अन्न गोळा करते, असं सांगणारंही पवित्र शास्त्रच आहे. योसेफाने सात वर्षं धान्य साठवलं म्हणून मिसर (इजिप्त) देश दुष्काळात जगला. दिवस फिरतील तेव्हा बचत जरूर करा, आरोग्य विमा काढा, चार महिने घर चालेल एवढी रक्कम बाजूला ठेवा. लूकने हेच वचन पाखरांऐवजी कावळ्यांचं नाव घेऊन जिथे दिलं आहे, त्याच्या लगेच आधी एका धनवानाची गोष्ट आहे. त्याने जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवलं आणि जिवाला म्हणाला, आता खा, पी, मजा कर. त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. त्याची चूक धान्य ठेवण्याची नव्हती. जीव धान्यावर टेकवून तो निर्धास्त झाला, ही त्याची चूक. तुमच्याकडे कोठार रिकामं आहे, त्याच्याकडे भरलेलं होतं, पण 'माझं सगळं या कोठारावरच आहे' हे दोघांनाही वाटू शकतं. म्हणून नोकरी लागल्यावरसुद्धा ही चिंता आपोआप जाईल असं समजू नका.

फुलांबद्दल थोडंच लिहितो. वचनात 'रानातील भूकमळे' आहेत. गालीलात हिवाळ्याच्या पावसानंतर टेकड्या लालभडक रानफुलांनी भरतात आणि उन्हाळा लागला की सगळं वाळून जातं. तिकडे सरपणाची टंचाई, म्हणून ते वाळलेलं गवत भाकरीची भट्टी पेटवायला जायचं. आपल्या हरिश्चंद्रगड-कळसूबाईच्या पठारावर पावसाळा सरताना सोनकीने पिवळं पडलेलं रान पाहिलं असेल, तसंच. काही दिवसांचा खेळ, पण पाकळी जवळून पाहिली तर एकही काम उरकून टाकलेलं दिसत नाही. वैभवशाली शलमोन राजाचा पोशाखही असा नव्हता, असं प्रभू म्हणतो. मुलांच्या गणवेशाची काळजी तुम्हाला आहे. ती त्यालाही आहे, कारण 'ह्या सर्वांची गरज तुम्हांला आहे हे तुमचा स्वर्गीय पिता जाणून आहे' हे खाण्यापिण्याच्या आणि कपड्यांच्याच संदर्भात आलेलं वाक्य आहे. तोवर मोठ्याचा जुना गणवेश धाकट्याला घालायला काहीच हरकत नाही, आणि मंडळीत मोठ्या मुलांच्या आयांना विचारायलाही लाज नको.

भरवसा आणि हातचं काम एकत्र कसं चालतं याचं एक उदाहरण आपल्या जवळचंच आहे. नगरहून दौंडमार्गे पुण्याला रेल्वेने जाताना केडगाव लागतं, नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. ती मुदत संपत आली तेव्हा पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता. त्यांनी त्यावर प्रार्थना केली, आणि केडगावला जमीन घेऊन फळबागही लावली, म्हणजे संस्थेला स्वतःचं उत्पन्न होईल. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. पैसा कुठून येणार याचा पत्ता नसताना त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना घेऊन आल्या, शेकड्यांनी. केडगावात विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना विणकाम, छपाई शिकवली. आज त्यांच्याबद्दल बोलताना काही जण फक्त प्रार्थना सांगतात, काही जण फक्त काम सांगतात. मला त्यांचं मोठेपण यात वाटतं की पाण्यासाठी प्रार्थना करून उठल्यावर त्या विहीर कुठे खोदायची ते ठरवायला जात असत. दोन्ही एकाच विश्वासाने.

आता तुमच्या घरापुरतं. एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. एका बाजूला आज किंवा या आठवड्यात जे माझ्या हातात आहे ते. दुसऱ्या बाजूला जे माझ्या हातात नाही ते. नोकरी कधी लागेल हे दुसऱ्या बाजूला. बँकेत जाणं पहिल्या बाजूला, आणि तेही सगळ्यात वर. कारण हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खातं अनुत्पादक, म्हणजे वसुली थांबलेल्या कर्जाचं, ठरतं, आणि मग बँक मॅनेजरच्या हातातही फारसं राहत नाही. दोन थकले आहेत, म्हणजे अजून थोडी सवड आहे. कामावरून काढल्याचं पत्र, मागच्या सहा महिन्यांचा खातेउतारा घेऊन जा. मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, काही महिने फक्त व्याज भरलं तर चालेल का, हे लेखी अर्जात विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. हप्ता भरण्यासाठी सावकाराकडून किंवा मोबाइलवरच्या कर्ज देणाऱ्या अॅपवरून पैसे उचलू नका. त्या वाटेने गेलेली घरं मी पाहिली आहेत. यजमानांची नोकरी सलग पाच वर्षं झाली असेल तर ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, तिची आणि पीएफची चौकशी करा. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, फीचे टप्पे पाडून मागा. बहुतेक ठिकाणी मिळतात.

कागदाची दुसरी बाजू रात्रीच्या प्रार्थनेसाठी. प्रार्थनेत 'हे प्रभू, सगळं नीट कर' असं मोघम म्हणू नका. एकेक ओळ वाचा, नाव घेऊन सांगा: ही नोकरी, हे घर, धाकट्याची फी. पौलाने तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आभारप्रदर्शनासह मागा असं सांगितलं आहे, म्हणून त्या दिवशी जे मिळालं तेही नाव घेऊन सांगा, मग ते शेजारणीने दिलेलं वाटीभर कालवण का असेना. मग कागद घडी करून पवित्र शास्त्रात ठेवा. रात्री जाग आलीच तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठा, पाणी प्या, प्रभूची प्रार्थना हळूहळू म्हणा आणि 'आज आम्हांला दे' या शब्दांपाशी थोडं थांबा. दुसऱ्या बाजूचं काही आठवलं तर मनात म्हणा, हे सांगून झालं आहे. पहिल्या बाजूचं काही नवं सुचलं तर लिहून ठेवा, सकाळी करता येईल. पहिल्या दोन-चार रात्री उपयोग झाला नाही असं वाटेल. सोडू नका.

पण हेही सांगतो. तीन-चार आठवडे झाले तरी झोप येत नसेल, जेवण जात नसेल, छातीत सतत धडधड होत असेल, किंवा 'मी नसले तर बरं' असा विचार एकदाही आला असेल, तुम्हाला किंवा यजमानांना, तर डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. यात विश्वासाला कमीपणा नाही. एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली. तो खाऊन पुन्हा झोपला, त्याला झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला घातलं. पुढची वाट त्यानंतर.

आणि यजमान. तुम्ही लिहिलंत, ते हल्ली घरात बोलतच नाहीत. नोकरी गेलेल्या पुरुषाला घरात वावरताना आपण सगळ्यांच्या नजरेत आहोत असं वाटत राहतं. त्यांच्यावर वचनं टाकू नका, पाखरांचं तर नकोच. तो रेघ मारलेला कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, यातलं पहिल्या बाजूचं कोणतं काम तुम्ही घ्याल, कोणतं मी? मुलांनाही खोटं सांगू नका. बाबांचं काम सध्या नाही, आपण मिळून सांभाळतोय, एवढं त्यांना पुरतं. बँकेत मात्र एकट्या जाऊ नका आणि त्यांनाही एकटं पाठवू नका. दोघं मिळून जा. सोमवारी नको, त्या दिवशी गर्दी असते, मंगळवारी शाखा उघडतानाच जा.